दोष अर्थिंगच्या पट्टीत, बिल मात्र बॅटरी आणि सेल्फचे: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग

विषय: 2007 च्या पेट्रोल गाडीच्या स्टार्टिंग दोषाचे चुकीचे निदान आणि 9,100 रुपयांचा परतावा

महोदय,

गाडी आपल्याकडे दिली तेव्हा जॉब कार्डावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. सकाळी चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही. त्या वेळी हेडलाइट लावले तर ते मंद होत नाहीत. आणि अ‍ॅक्सिलरेटर जड लागतो. आपण बॅटरी बदलली (4,800), सेल्फ मोटर नवी बसवली (7,400), मजुरी 900 लावली आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला तेल सोडले. चौथ्या सकाळी गाडी पुन्हा 'टक्'वर आली.

दोष निघाला गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्टीत. बॅटरी ट्रेच्या खाली, तांब्याच्या जाळीची, वीतभर लांबीची ही पट्टी. वरून धड दिसत होती. बोल्ट सैल केला तर लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी भुकटी, आणि जाळीच्या निम्म्याहून जास्त तारा हाताला लागताच तुटून आल्या.

जॉब कार्डावरची तिन्ही लक्षणे या पट्टीकडेच बोट दाखवत होती. बॅटरी उतरली असती तर सेल्फ मारताना हेडलाइट विझायला आले असते. ते लख्ख राहिले, कारण हेडलाइटचे अर्थिंग बॉडीला आहे आणि बॉडी ते बॅटरी ही वाट चांगली होती. सेल्फचे अर्थिंग इंजिनमधून जाते, तिथेच वाट अडली होती. मग करंटने दुसरी वाट धरली, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलची. एवढ्या बारीक तारेतून सेल्फचा करंट गेला की ती तापते, आतले प्लास्टिक वितळते आणि केबल अडकायला लागते. त्यावर आपण तेल सोडलेत!

हे शोधायला एक मल्टिमीटर आणि दोन माणसे पुरतात. इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. आधी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर: 11.0 व्होल्ट. इथे 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा, म्हणजे इथे बॅटरी निर्दोष ठरली. मग एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, दुसरे बॉडीवर: 0.1. आणि शेवटी निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचा ब्लॉक: 5.8 व्होल्ट. इथे 0.2 च्या वर आकडा चालत नाही. सेल्फच्या वाट्याला जेमतेम पाच व्होल्ट उरत होते. तेवढ्यावर सोलेनॉइड (सेल्फचा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो, मोटर फिरत नाही. पट्टीत 0.03 ओहम एवढाच अडथळा असला, तरी दीडशे-दोनशे अँपिअरला साडेचार ते सहा व्होल्ट तिथेच मरतात. साधा कंटिन्युइटीचा (तार जोडलेली आहे का ते सांगणारा) 'बीप' मात्र अशा पट्टीतही वाजतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

आपल्या तपासणी चिठ्ठीत 'बॅटरी 12.2 व्होल्ट, खराब' असे लिहिले आहे. 12.2 म्हणजे निम्मी चार्ज बॅटरी, खराब नव्हे. ती निम्मी का राहत होती? बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे अर्थिंगही इंजिनमधूनच येते. अल्टरनेटरवर 14.1 व्होल्ट होते, बॅटरीपर्यंत 13.2 पोहोचत होते. बॅटरी चार्ज करून लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) घेतली असती तर कळले असते. तशी नोंद चिठ्ठीत नाही.

25 चौरस मिलिमीटरची नवी केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, लगखालचा रंग आणि गंज पॉलिशपेपरने घासून काढला, वर ग्रीस. खर्च 350 रुपये. आता सेल्फ मारताना ब्लॉकवर 0.1 आणि बॅटरीवर चार्जिंग 14.1 मिळते.

नवी बॅटरी मी वापरत आहे, तिचे पैसे मागणे मला पटत नाही. परंतु सेल्फचे 7,400, मजुरीचे 900, पट्टीचे 350 आणि जळालेल्या अ‍ॅक्सिलरेटर केबलचे 450, असे 9,100 रुपये परत मिळावेत. केबल आधीच खराब होत असेल, पण पट्टी पहिल्या दिवशी सापडली असती तर नंतरचे चार दिवस तिच्यातून करंट गेला नसता. माझी जुनी सेल्फ मोटरही परत द्यावी. ती बेंचवर चालली तर तीच बसवून आपली नवी काढून न्या, हरकत नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करत आहे.

आपला ग्राहक

सोबत: दोन्ही बिलांच्या आणि जॉब कार्डाच्या प्रती, मीटरच्या आकड्यांचे फोटो. जुनी पट्टी जपून ठेवली आहे, पाहायला कधीही या.