आमच्या वेबसाइटला बोलतं करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पण पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. माझ्यासारखे कितीतरी वॉटरप्रूफिंगवाले, रंगवाले, पत्र्याची शेड मारणारे आहेत, ज्यांच्या नावावर वेबसाइट आहे आणि वर्षानुवर्षं त्यांनी ती स्वतःसुद्धा उघडलेली नाही. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

गेल्या गणपतीत तुम्ही पुण्याहून चिपळूणला आलात, तेव्हा आईंच्या मागच्या खोलीत तीन बादल्या लावलेल्या होत्या. माझा नंबर तुम्हाला किराणा दुकानदाराने दिला. भर पावसात पक्कं काम होत नाही, म्हणून स्लॅबवरचा तुंबलेला पाइप मोकळा केला, ताडपत्री बांधली आणि दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितलं. चहा घेताना तुम्ही विचारलंत, "काका, मी आधी गुगलवर 'चिपळूण स्लॅब गळती' असं शोधलं होतं. तुम्ही का नाही दिसलात?" मी म्हटलं, माझी वेबसाइट आहे की, २०१४ पासून आहे. तुम्ही तिथेच मोबाइलवर ती उघडलीत.

वर पत्त्याच्या जागी 'सुरक्षित नाही' असं आलं. ज्या साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस, म्हणजे माहिती सुरक्षितपणे पाठवायची सोय, नाही तिच्यावर क्रोम २०१८ च्या जुलैपासून हा शिक्का मारतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग वीस मजली टॉवरचा फोटो हळूहळू उतरू लागला. मी आयुष्यात वीस मजली टॉवरवर चढलेलो नाही. खालचा मराठी मजकूर डीटीपीवाल्याकडून करून घेऊन चित्र म्हणून चिकटवलेला होता. तुम्ही समजावलंत की अशा चित्रातलं शोधायला गुगलवर भरवसा ठेवता येत नाही, अक्षरं युनिकोडमध्ये टाइप केलेली हवीत. 'गळती' हा शब्द माझ्या साइटवर वाचता येईल असा एकदाही नव्हता! फोन नंबरही त्या चित्रातच, त्यामुळे बोट लावून फोन लागत नव्हता. आणि तो नंबर मी कधीच बंद केला होता.

साइट ज्याने बनवली होती त्याने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. ते माझ्या नावावर करून घेण्यात तुमचा महिना गेला. त्या कटकटीबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की डोमेन आपल्या नावावर आहे ना, हे प्रत्येकाने आजच तपासावं.

पण त्यात साइटवरचा फॉर्म ज्या ईमेलवर जायचा ती पेटी उघडली. आत अकरा निरोप होते. एक ठाण्याच्या आजोबांचा, दोन पावसाळ्यांपूर्वीचा. गावच्या घरात देवघरावरच पाणी गळतंय, स्वतःला येणं जमत नाही, कोणी बघून जाईल का, असा. मी ते वाचून गप्प बसलो. तुम्हीही काही बोलला नाहीत, नंबर शोधून माझ्या हातात दिलात. फोन लावला तर त्यांनी वरून पत्रा मारून घेतला होता. रागावले नाहीत. "उशिरा का होईना, फोन केलात," म्हणाले. आपण काम मिळत नाही म्हणून हळहळतो. त्या दिवशी कळलं की माणसं दार वाजवत होती आणि आत कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर आईंच्या स्लॅबचं काम चालू असताना तुम्ही पुन्हा आलात आणि वही घेऊन दोन तास पायरीवर बसलात. विचारत होतात ते एवढंच: फोन कोण करतं आणि पहिलं वाक्य काय बोलतं? मी सांगत गेलो. वॉटरप्रूफिंग हा शब्द लोक क्वचितच काढतात. "भिंतीला ओल धरते." "पंख्याच्या हुकातून थेंब पडतो." "रंगाचे पोपडे निघतात." "पत्रा मारू की कोबा करू?" तुम्ही हेच शब्द उचललेत आणि प्रत्येकाचं एकेक पान केलंत. जुन्या साइटवर 'आमच्याविषयी', 'आमचं ध्येय', 'आमच्या सेवा' असं सगळं आमचंच होतं. आता गळक्या स्लॅबखाली बसलेल्या माणसाला पहिल्या ओळीतच आपलं घर दिसतं.

दुसरी गोष्ट तुम्ही माझ्या बोलण्यातून पकडलीत, मला स्वतःला ती कधी वेगळी वाटली नव्हती. आमच्याकडे घराचा मालक मुंबईत, डोंबिवलीत, ठाण्यात. किल्ली चुलतभावाकडे. काम कसं झालं ते मालकाला कळतं पुढच्या गणपतीत, तेही गळलं तरच. म्हणून मी कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, झाल्यावर स्लॅबवर कडेने बांध घालून ७२ तास पाणी साठवून ठेवतो आणि खालून छत बघतो. हे वर्षानुवर्षं करतोय, पण कुणाला दाखवलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "काका, चाकरमान्यांना नेमकं हेच बघायचंय." आता त्या तीन दिवसांचं वेगळं पान आहे. रोजचा व्हिडिओ मालकाला व्हॉट्सअॅपवर जाईल असं त्यावर लिहिलंय, आणि ते काम आमची ही न चुकता करते.

फोटोंचं मात्र अवघड होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ऑफिसातले अल्बम आणि कॉम्प्युटर दोन्ही गेले. तुम्ही सुचवलंत, जुन्या गिऱ्हाइकांनाच फोटो मागा. संकोच वाटला, पण मागितले. लोकांनी आनंदाने पाठवले, कुणी गच्चीवर वाळत घातलेल्या आमसुलांसकट. तुम्ही ते लहान करून, खाली गावाचं नाव आणि वर्ष घालून लावलेत. एकेक फोटो पाच-सहा एमबीचा होता, तो दोनशे केबीच्या आत आणलात, कारण आमच्या वाड्यांत रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत.

दोन ठिकाणी मी तुमच्याशी वाद घातला. जुन्या साइटवर 'लाइफटाइम गॅरंटी' होतं. तुम्ही शांतपणे विचारलंत, लाइफटाइम म्हणजे किती वर्षं? मला सांगता येईना. आज तिथे पाच वर्षं लिहिलंय, आणि गॅरंटीत काय येत नाही तेही. दुसरा वाद दराचा. दर छापला तर बाकीचे दोन रुपये कमी सांगतील ही भीती अजून आहे, आणि ती खोटी आहे असं मला वाटत नाही. तुम्ही मधली वाट काढलीत: आकडा नाही, पण तो कशाने वाढतो ते सगळं सांगितलं. जुना कोबा फोडावा लागणं, ढाळ नव्याने काढणं, माल डोक्यावरून न्यावा लागणं. आता फोन करणारा अर्धं समजून घेऊनच बोलतो.

गुगलवरच्या पाच ताऱ्यांसाठी मी गिऱ्हाइकाला दोनशे रुपये सूट देणार होतो. तुम्ही थांबवलंत, गुगलच्या नियमात ते बसत नाही म्हणालात. एकाने काम लांबलं म्हणून तीनच तारे दिले, तेव्हा उत्तर काय लिहायचं तेही सांगितलंत: आठ दिवस उशीर झाला, चूक आमची. ते वाचून एका बाईंनी मला काम दिलं.

पूर्वी वेबसाइटवरून एक काम आल्याचं आठवत नाही. या हंगामात नऊ आली, त्यातली सहा मुंबईकरांची. माझ्याकडचे दोघे मिस्त्री फेब्रुवारीत काम नाही म्हणून पुण्याला जायचे, यंदा घरीच राहिले. तुम्ही पैसे घेतले ते फक्त डोमेन आणि होस्टिंगचे, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे. बाकीचं काय द्यायचं, हे विचारलं की विषय बदलता.

आईंना सांगा, मृग लागायच्या आधी येऊन स्लॅब झाडून, पाइपाची जाळी बघून जातो. दरवर्षी येईन. फणस पिकला असेल तर ठेवायला सांगा.

तुमचा,
काका