१,४९९ रुपयांची घाई

उदगीर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळू,

तुझा तीन मिनिटांचा मेसेज दुकानात चुकून स्पीकरवर लागला, त्यामुळं तुझा सवाल आता अख्ख्या गल्लीला पाठ झालाय. काकूंसाठी गावाकडच्या पत्त्यावर ॲमेझॉन प्राइमची, म्हणजे वर्षाचे पैसे भरले की डिलिव्हरी फुकट अन् लवकर, वर सिनेमे, अशी वेगळी मेंबरशिप काढायची का? चहावाला म्हणायला, "काढू द्या की, पुण्याचा पगार हाय." माझं मत लिहून पाठवायलोय, कारण फोनवर तू मला एक आकडासुद्धा पुरा बोलू देत नाहीस.

वेगळी काढूच नकोस. तुझी आहे ना, तिच्यातच काकूंचा पत्ता टाक. मेंबरशिप माणसाची असते, घराची नाही. झालं, पत्र इथंच संपलं असतं. पण तुझी स्वतःची पुढल्या महिन्यात संपायलीय, ती तरी भरू का, हे तू शेवटी हळूच विचारलंस. खरा सवाल तोच आहे.

मी दोन वर्षं भरली. २०१६ च्या जुलैत हे आपल्याकडं सुरू झालं तेव्हा वर्षाचे ४९९ होते, मग ९९९ झाले आणि २०२१ च्या डिसेंबरात १,४९९. एवढे पैसे जायलेत म्हटल्यावर मोटार वाइंडिंगच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वर्षात ३४ ऑर्डरी. त्यातल्या २३ पाचशेच्या वरच्या. त्या तशाही फुकटच आल्या असत्या, कारण मेंबर नसलेल्यालासुद्धा ४९९ च्या वर बहुतेक मालाला डिलिव्हरीचे पैसे पडत नव्हते. राहिल्या ११. एकेकीला ४० रुपये धर, झाले ४४०. म्हणजे ४४० वाचवायला मी १,४९९ मोजले.

त्या ११ मध्ये काय होतं तेही ऐक. लसूण सोलायचं यंत्र. मोबाइलची तीन कव्हरं. टॉर्चचे सेल, जे माझ्या दुकानासमोर मिळतात! तुझी वहिनी ही यादी वाचून इतकी हसली की वही काढून घ्यावी लागली. पूर्वी आपण काय करायचो? लागेल ते कागदावर लिहून ठेवायचं अन् लातूरला जायचं झालं की सगळं एकदाच आणायचं. लिहिताना निम्मं आपोआप खोडलं जायचं. डिलिव्हरी फुकट झाली आणि कागद गेला.

आता वेगाचं. पुण्यात तू सकाळी मागवतोस अन् संध्याकाळी खोका दारात. त्याचेच तर पैसे घेतात ते. पण एका दिवसातली डिलिव्हरी सगळ्या पिनकोडला नसते. आमच्याकडं वस्तू चौथ्या-पाचव्या दिवशी येते, मेंबर असो की नसो. गावात तर पोरगं फोन करतंय, "दादा, फाट्यावर या." पत्ता काय, तर मारुतीच्या पारामागं, लिंबाच्या झाडाजवळ. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष?

मागल्या हिवाळ्यात एकाची दीड एचपीची सिंगल फेज मोटार दुरुस्तीला आली, पॅनलमधला कपॅसिटर गेलेला. हरभरा फुलात, लाइट त्या आठवड्यात रात्रीची. ॲपवर बघितलं तर गुरुवार दाखवायलं, आणि त्या दिवशी सोमवार. लातूरच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं काळीपिवळीवाल्याच्या हाती पिशवी दिली, मी स्टँडवर जाऊन घेतली. साठ-सत्तर किलोमीटर, तीन तास, ड्रायव्हरला ३० रुपये. ही आमची प्राइम! हिला वर्षाची फी नाही, फक्त ड्रायव्हरला ओळखावं लागतं.

तुझी गोष्ट निराळी आहे. तुझ्या घरी लेकरू लहान, दोघंही नोकरीवर, डायपर संपले की संपले. तुझा वेळ महाग आहे, ते मला मान्य. तरी १,४९९ वालंच घ्यायची गरज नाही. नुसत्या खरेदीसाठी ३९९ चं शॉपिंग एडिशन आहे, त्यात सिनेमे-मालिका नाहीत. आणि सिनेमांचं म्हणशील, तर जून २०२५ पासून पैसे भरूनही जाहिराती बघाव्या लागतात, त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. पैसे देऊन जाहिरात बघायची, हे माझ्या डोक्यात काही बसत नाही.

तू म्हणालास कार्डावर ५ टक्के परत मिळतात. ॲमेझॉनच्या आयसीआयसीआय बँकेच्या क्रेडिट कार्डावर मेंबरला ५ आणि बिगरमेंबरला ३, फरक २ टक्क्यांचा. त्यातून १,४९९ वसूल करायचे तर वर्षाला ७५ हजारांची खरेदी तिथंच करावी लागेल. करतोस? करत असशील तर आधी तुझ्या बायकोला विचार कशाकशावर.

मी तुझ्या जागी असतो तर संपू दिली असती. दोन महिने तसेच काढायचे, किती वेळा अडलं ते लिहायचं. दिवाळीच्या सेलला मेंबर म्हणून एक दिवस आधी घुसायचंच असेल तर महिन्याचं २९९ वालं घ्यायचं अन् सोडून द्यायचं. पण सोडायचं म्हणजे ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापणं, आठवणीनं बंद करायचं. पैसे कापायच्या आधी २४ तास मेसेज यायला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ पासून आहे. मेसेज येतोही. दुसऱ्या एका ॲपचा मला आला होता, पण तेव्हा मी विहिरीत उतरलेलो, वर येऊन बघितलं तर त्याच्यावर चाळीस 'शुभ सकाळ' चढलेले. ५९९ गेले. चूक माझीच, तरी आठवलं की अजून पोटात दुखतं.

काकूंच्या पत्त्याचं एक राहिलंच. गावाचा पत्ता टाकू नकोस, माझ्या दुकानाचा टाक. डिलिव्हरीच्या पोराला ते झोपेतही सापडतं. तू पाठवलेले गुडघ्याचे पट्टे शुक्रवारीच आलेत, काउंटरखाली ठेवलेत. एक मोटार बसवायला उद्या तिकडंच जायचंय, तेव्हा नेऊन देतो. मात्र माप लहान वाटायलंय मला. परत करायची मुदत कधीपर्यंत आहे ते बघून आज रात्रीच कळव, म्हणजे काकूंना घालून बघायला लावतो.

तुझा,
आप्पा