‘आर्टलेस’ समजावून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

अनुवादाचा खर्डा तपासायला दिला तेव्हा एखाददुसरा पर्यायी शब्द सुचवाल, एवढीच अपेक्षा होती. तुम्ही ‘आर्टलेस’ (artless) या इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात आणि समासात लिहिलंत, ‘कोण म्हणतंय? कुणाबद्दल?’

शब्दकोशाने मला नुसतं बुचकळ्यात टाकलं होतं. १७५५ सालच्या सॅम्युअल जॉन्सनच्या इंग्रजी कोशातही ‘कसब नसलेला’ आणि ‘कपट नसलेला’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली नांदतात. लहान मुलीच्या बडबडीला आर्टलेस म्हटलं तर ते कौतुक, तिथे आपला ‘निर्व्याज’ चपखल बसतो. समीक्षकाने तेच विशेषण एखाद्याच्या दिग्दर्शनाला लावलं, तर दिग्दर्शकाने काय ते समजून घ्यावं.

यातलं ‘आर्ट’ म्हणजे चित्रं-शिल्पं नव्हेत. कसब, आणि कसबाच्या पाठोपाठ येणारी चलाखी. म्हणून ‘आर्टफुल’चा अर्थ कलापूर्ण न होता धूर्त असा होतो, आणि डिकन्सच्या खिसेकापू पोराला ‘आर्टफुल डॉजर’ हे नाव शोभतं. फोनवर हे सांगताना तुम्ही मध्येच म्हणालात, “अगं, आपण नाही का म्हणत, मोठा कलाकार माणूस आहे, जरा जपून!” मी हसत सुटले. इतकी वर्षं तो टोमणा मीही मारत आले होते, पण हे नातं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मध नैसर्गिक असतो, आर्टलेस नसतो, हेही तुमचंच. जिथे बनाव करायला वाव होता आणि तो केला गेला नाही, तिथे हा शब्द वापरायचा. माणसाला, त्याच्या हसण्याला, प्रश्नाला, पत्राला.

मी अनुवाद करतेय त्या गोष्टीत ‘आर्टलेस’चं वाक्य नवऱ्या मुलाच्या आत्याचं आहे. चहा ओतता ओतता ती होणाऱ्या सुनेबद्दल बोलते, आणि तिला ते स्थळ मुळीच पसंत नाही. म्हणजे ‘निर्व्याज’ बादच. आता ती म्हणते, “साधीभोळी आहे हो पोरगी.” सगळा खवचटपणा त्या ‘हो’मध्ये आला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतानाही भिंग घेऊन तुम्ही पानन्‌पान वाचलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या प्रकरणात ‘इन्जेन्युअस’ (ingenuous, म्हणजे भाबडा) आलाय. सोमवारी दुपारी फोन केला तर चालेल ना?

तुमची विद्यार्थिनी