गोष्ट म्हणून सांगितलेली दिव्यदृष्टी परवडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी टीव्हीवरच्या अतींद्रिय शक्तींच्या थरारपटांवर लेख आला आहे. हे सिनेमे म्हणजे अंधश्रद्धेची बालवाडी, आणि आजची बुवाबाजी तिथूनच शिकून आली, असा त्याचा एकूण सूर. लेखकाने त्यातला एक तरी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला असेल का, याची मला शंका आहे. मी पाहिले आहेत. माझी सगळी नोकरी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, पत्रिका न बघता मुलीचं लग्न केलं, आणि तरीही हे सिनेमे मला मनापासून आवडतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या थोरल्या भावाची सदाशिव पेठेत व्हिडिओ लायब्ररी होती. अमेरिकेत गेलेली मुलं घरी पाठवत त्या कॅसेटींमध्ये बाळाच्या बारशाच्या मागेपुढे टीव्हीवरून उतरवलेले सिनेमे असत, जाहिरातींसकट. तिकडची कॅसेट आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर नीट चालत नसे. भावाकडे मल्टिसिस्टिम होता, त्यामुळे ती मंडळी बारसं बघायला त्याच्याकडे येत आणि सिनेमे आम्हाला मिळत. नणंद आणि मी दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत बसून ते बघायचो. ती भिण्यासाठी बघायची, मी तिला शेंगा सोलून देत देत गोष्टीतल्या फटी शोधायची.

‘बॅफल्ड’ घ्या. १९७३ साली एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर लागला होता. ‘स्टार ट्रेक’मधला मिस्टर स्पॉक म्हणून आपल्याला माहीत असलेला नट लेनर्ड निमॉय त्यात मोटार शर्यतीतला ड्रायव्हर आहे. ऐन शर्यतीत त्याच्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधला एक वाडा आणि किंचाळणारी बाई येते, आणि गाडी रस्ता सोडते. पुढे त्या वाड्यात जाऊन तो काय करतो? चौकशी. कोण कधी आलं, कोण काय लपवतंय, कुणाचा कशात फायदा. दृष्टान्त त्याला फक्त दारापर्यंत आणून सोडतो; आत शिरल्यावर साध्या गुप्तहेरासारखंच डोकं चालवावं लागतं. ही पुढे मालिका होईल या आशेने काढलेली चाचणी होती. मालिका काही झाली नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा सीबीएसचा ‘व्हिजन्स’ मला जास्त भावतो. एका प्राध्यापकाला इमारतीत बाँबस्फोट होणार असं आधीच दिसतं. तो प्रामाणिकपणे पोलिसांकडे जाऊन सांगतो. पोलीस अधिकारी झाला आहे नट टेली सवालस, आणि त्याच्या मनात येतो तो पहिला प्रश्न हा, की तुला हे कळलं कसं? संशयित तूच! अहो, आमच्याकडे कुणी ‘मला आधीच दिसलं होतं’ म्हणाला की पाया पडायला रांग लागते. तो सिनेमा त्याला चौकीत बसवतो. याला अंधश्रद्धेची बालवाडी म्हणायचं?

या सिनेमांना दिव्यदृष्टीचं एवढं वेड का, याचं उत्तर मला तरी पैशात दिसतं. एबीसी वाहिनीने १९६९ पासून ‘मूव्ही ऑफ द वीक’ सुरू केलं, म्हणजे दर आठवड्याला खास टीव्हीसाठी काढलेला एक सिनेमा. दीड तासाची वेळ, त्यातून जाहिराती वजा केल्या की हातात सव्वा तास. थोडा पैसा, थोडे दिवस. राक्षस उभा करायचा तर रबर, रंग, कारागीर. मनातलं दृश्य दाखवायला नटाचे डोळे, कॅमेऱ्यापुढे एक धुरकट काच आणि एक विचित्र सूर पुरतो. छोट्या पडद्यावर चेहराच मोठा दिसतो, दरी-डोंगर नाही. त्यामुळे ज्या गोष्टीत सगळं एका माणसाच्या चेहऱ्यावर घडतं, ती टीव्हीला सोयीची. ‘द सिक्स्थ सेन्स’ नावाची मालिका याच काळातली, परामानसशास्त्राचा, म्हणजे अतींद्रिय शक्तींच्या अभ्यासाचा, प्राध्यापक नायक असलेली. तिचे तासाचे भाग पुढे पुनःप्रक्षेपणासाठी कापून अर्ध्या तासात बसवले आणि दुसऱ्याच एका मालिकेच्या गठ्ठ्यात घातले. निम्मी गोष्ट गेल्यावर राहतात ते नुसते दचके. आपल्या लेखकाने बहुधा हेच तुकडे पाहिले असावेत.

दोष द्यायचाच तर तो दुसऱ्या जातीच्या कार्यक्रमांना द्या, आणि त्यांच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. ‘वन स्टेप बियाँड’ ही १९५९ ते ६१ मधली मालिका आपल्या गोष्टी खऱ्या घटनांवर आधारलेल्या आहेत असं सांगायची. १९६१ मध्ये तिचा सूत्रधार जॉन न्यूलँड स्वतः मेक्सिकोतली ‘पवित्र’ अळंबी खाऊन अतींद्रिय शक्तीची चाचणी देताना पडद्यावर दिसला. चाचणी घेणारे होते अतींद्रिय शक्तींचे संशोधक आंद्रिया पुहारिच. याच पुहारिच यांनी दहाएक वर्षांनी उरी गेलर नावाचा, मनःशक्तीने चमचे वाकवतो म्हणणारा तरुण इस्रायलमधून अमेरिकेत आणला. ऑगस्ट १९७३ मध्ये तो जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात गेला. कार्सन स्वतः पूर्वीचा जादूगार. त्याने जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेऊन गेलरच्या माणसांचा हात सामानाला लागू दिला नाही. वीसेक मिनिटं काहीही घडलं नाही. आज शक्ती जाणवत नाही, असं गेलरने सांगितलं. आणि गंमत अशी, की त्याची कीर्ती वाढतच गेली. खोटा असता तर दर वेळी जमलं असतं ना, असा उलटा हिशेब लोकांनी मांडला! या हिशेबाला काय उत्तर द्यायचं, हे संख्याशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही.

निमॉयचंच बघा. ‘बॅफल्ड’मध्ये तो नट होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. १९७७ पासून तोच माणूस, तोच गंभीर आवाज, ‘इन सर्च ऑफ’ या माहितीपटवजा मालिकेचा निवेदक झाला. यातली काही माहिती तर्क आणि अंदाजांवर आधारलेली आहे, अशी सूचना सुरुवातीला असे. पण सूचना संपते आणि आवाज उरतो. माझी नणंद सिनेमा संपला की ‘चला, झोपा आता’ म्हणायची. या मालिकेनंतर मात्र ‘काहीतरी असणारच गं’ म्हणायची.

आणि पुणेकरांनी या विषयावर नाक मुरडताना घरची गोष्ट विसरू नये. याच शहरात २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे यांनी ज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, प्रत्येकी शंभर, अशा पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि विचारलं, कुठली कुणाची ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. बरोबर आलेल्या उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. सर्वांत वरचा आकडा चाळीसपैकी चोवीस, म्हणजे नशिबाच्या कक्षेतच. मी हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडत असे. मुलं हसत, आणि त्यातलीच काही परीक्षेच्या दिवशी विशिष्ट रंगाचा शर्ट घालून येत.

आता मुद्द्याचं. तो लेख पुरवणीच्या डाव्या पानावर होता. उजव्या पानावर, त्याच उंचीवर, साप्ताहिक राशिभविष्य होतं. कन्या राशीला ‘अचानक धनलाभ, जुन्या व्यक्तीची भेट’. धनलाभाचं राहू द्या, जुनी व्यक्ती म्हणून मीच भेटते आहे. त्या सदराखाली ‘केवळ करमणुकीसाठी’ एवढी एक ओळ ठळक टाइपात छापाल का? दर आठवड्याला, न चुकता. आणि जागेअभावी हे पत्र कापणार असाल, तर अळंबी कापा, शेंगा कापा. ४६ टक्के मात्र राहू द्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे