मास्तर, तुझं खरं होतं

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तब्येत बरी आहे. कंबर दुखते, पण ती आपल्या धंद्यात कुणाची दुखत नाही? साखर आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात. आता पुढचं.

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. का, ते तुला ठाऊक आहे, मलाही आहे. आज लिहितोय कारण मंगळवारी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितलं तर गाडी सोडा म्हणतील. क्लीनरला सांगावं तर तो तेव्हा घोरत होता.

तर ऐक. मी पेट्रोलची गाडी सोडून दुधाच्या टँकरवर आलोय हे तुझ्या कानावर आलंच असेल, आणि तू हसलाही असशील. वीस हजार लिटरची टाकी. एका डेअरीत निम्मं दूध उतरवायचं, उरलेलं निम्मं पुढच्या ठिकाणी. मधल्या रस्त्याला उतार, आणि उताराच्या तळाशी सिग्नल. पाऊस नुकता सुरू झालेला, म्हणजे रस्ता सगळ्यात वाईट. धूळ आणि तेल मिळून साबण होतो, हे तूच सांगायचास. दिवा लाल झाला, मी ब्रेक दाबला. किंचित उशिरा, खोटं कशाला बोलू. पण गाडी थांबली. पट्ट्याच्या अलीकडे, व्यवस्थित. पुढे एक सायकलवाला एक पाय टेकून उभा.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि मागून धप्प झालं.

पाय ब्रेकवरच होता, मास्तर. पूर्ण दाबलेला. चाकं फिरत नव्हती आणि गाडी पुढे सरकत होती. मग दूध मागे गेलं, कॅबिनला मागे हिसका बसला. परत पुढे आलं, परत ढकललं, पण कमी. तिसऱ्यांदा नुसती डुलली. बंपर आणि सायकलचं मागचं चाक यांच्यात वीतभर जागा उरली असेल. त्या माणसाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दिवा हिरवा झाला, तो पेडल मारत निघून गेला. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून मला शिव्या घातल्या, कारण गिअर टाकायला माझा हात उठत नव्हता.

गाडी मी थांबवली होती. दूध थांबलं नव्हतं.

आता कळलं मी का लिहितोय? तुझ्या दुधाच्या गाडीचं असंच झालं तेव्हा शेठच्या ऑफिसात तू हेच म्हणाला होतास. शब्द वेगळे होते. ‘गाडी उभी होती शेठ, मालाने ढकलली.’ आणि सगळे हसले. उभी गाडी कशी चालते, म्हणे भूत बसलं होतं का. हसणाऱ्यांत मी होतो. तरी हसणं एकवेळ सोड. शेठने माझ्याकडे वळून विचारलं, ‘तू इतकी वर्षं टँकर चालवतोस, असं होतं का रे?’ आणि मी म्हणालो, ‘माझ्या गाडीत तर कधी झालं नाही.’

वाक्य खरं होतं. माझ्या गाडीत पाच-पाच हजारांचे चार कप्पे होते, आणि कप्प्यात पुन्हा आडवे पत्रे, त्यांना भोकं. कप्पा एकतर भरलेला असायचा नाहीतर रिकामा. पेट्रोल हलणार किती आणि ढकलणार कुणाला? तुझी दुधाची टाकी आतून साफ गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये पत्रे घातले की कोपरे होतात, कोपऱ्यात दूध राहतं, धुतलं जात नाही, नासतं. म्हणून घालत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. ते मी शेठला सांगितलं नाही. का नाही, याचं उत्तर मंगळवारपासून शोधतोय. बहुतेक त्या आठवड्यात आपलं भांडण झालेलं होतं म्हणून. तो नायलॉनचा शर्ट!

पिवळी फुलं असलेला नवा शर्ट घालून मी लोडिंगला आलो आणि तू सगळ्यांसमोर ओरडलास की हे सिंथेटिक घालून पेट्रोलच्या टाकीवर चढशील तर ठिणगी तुझ्या अंगातून निघेल. मला वाटलं तू शर्टावर जळतोस. (शर्ट भयानक होता, हे आता मान्य. बायकोने त्याची पुसणी केली.) पण एरवी तुझंच शिकलेलं मी पाळत आलो. आधी जमिनीला जोडायची अर्थिंगची वायर, मग होज, म्हणजे तेलाचा पाइप. सुटताना आधी होज, शेवटी वायर. वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे नाकाला वास येईपर्यंत वाट बघू नये. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त सांभाळायची, कारण आत तेल नसलं तरी वाफ असते. वेल्डिंगवाल्याला तू ‘रिकाम्या’ टाकीवरून कॉलर धरून खाली उतरवलं होतंस, आठवतं? तो म्हणे आत काहीच नाही. तू म्हणालास, काहीच नाही तेच तर पेटतं. त्या दिवशी आपण सगळे वाचलो, आणि नंतर कुणी तुला धड चहाही पाजला नाही.

तर पेट्रोलवाल्याचा मी असा धीट झालेला गडी, दुधाकडे आलो तेव्हा म्हटलं, सुटलो. दूध पेट घेत नाही. सांडलं तर मांजरं खूश. पहिले काही आठवडे गाडी पूर्ण भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी असायची. भरलेली टाकी गपचूप येते, तिला हलायला जागाच नसते. रिकामीचा प्रश्न नाही. वैरी आहे तो निम्म्या टाकीत. दहा हजार लिटर दूध म्हणजे दहा टनांच्या वर वजन, आणि त्याला धावायला अख्खी टाकी मोकळी. वळणावरही तेच. स्टिअरिंग सरळ केलं तरी माल अजून वळतच असतो. आता मी ब्रेक फार आधी घेतो, हळूहळू, आणि थांबल्यावरही पाय उचलत नाही, दूध शांत होईपर्यंत आकडे मोजतो. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवतो की मध्ये तीन रिक्षा घुसतात. मागचे म्हणतात, म्हाताऱ्या, घरी बस.

पण खरी अडचण अजून सांगितलीच नाही. फेरीचा क्रम उलटा केला तर प्रश्न मिटतो. आधी लांबच्या ठिकाणी पूर्ण भरून जायचं, तिथे निम्मं उतरवायचं, आणि दुसऱ्या रस्त्याने जवळच्या डेअरीला यायचं. तो रस्ता सपाट आहे, लांब पडतो इतकंच. सुपरवायझरला सांगायला गेलो आणि दारातून परत आलो. का बदलायचा विचारलं तर मंगळवार सांगावा लागेल. मंगळवार सांगितला की तो आत बसलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरला विचारणार, होतं का रे असं? हीच गाडी रात्रपाळीला तो चालवतो, पण त्याच्या फेरीत एकच ठिकाण असतं, भरून नेतो, रिकामी आणतो. त्यामुळे तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. अगदी शब्द न शब्द. आणि तो खोटंही बोलत नसेल.

तुझं कसं चाललंय? दुकान धरलंय असं कळलं. वहिनींना नमस्कार. थोरलीचं कॉलेज संपलं असेल ना? डोळ्याचं ऑपरेशन झालं का तुझं, की अजून टाळतोयस?

माफी मागायला बसलो होतो, दोन कागद फाडले. ते शब्द माझ्या हाताला बसत नाहीत. शेठ आता थकलाय, ऑफिसात मुलगा बसतो, त्याला तुझं नावही माहीत नसेल. तिथे जाऊन आता सांगितलं तर कुणाला काय? तरी तू म्हणालास तर जाईन. तू सोबत आलास तर बरं.

सुपरवायझरकडे उद्या सकाळी जातोय, लोडिंगच्या आधी. तो हसला तर हसू दे.

एकच विचारायचं आहे. तुझा पाय किती दिवस थरथरत होता? माझा अजून थांबला नाही, आणि कुणाला दिसू नये म्हणून मी जेवताना मांडी घालून बसतो.

तुझा,
पिवळा शर्ट