सिस्टर, थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं

सिस्टर, तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही काय माहीत, तुमच्या हाताखालून रोज कितीतरी बाळं जात असतील, पण मला तुमचा आवाज अजून जसाच्या तसा आठवतोय.

मला प्रेग्नन्सीत शुगर निघालेली, त्यामुळे बाळाची शुगर तपासणार हे आधीच सांगितलेलं, तरी मशीनवर ३१ इतका कमी आकडा बघून माझे हातपाय गळाले. त्याचे हात थरथरत होते, मला वाटलं फिटच आली. तुम्ही तो एवढासा हात अलगद मुठीत धरलात आणि थरथर थांबली. "बघा, धरल्यावर थांबतंय, फिट असती तर अशी थांबली नसती" एवढंच बोललात, आणि डॉक्टरांना हाक मारली, पाच मिनिटांत १० टक्के डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, सलाईन सुरू.

मी सारखी माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं करत रडत होते. तुम्ही माझ्या शेजारी बसून समजावलंत की पोटात असताना आईची जास्तीची साखर नाळेतून बाळाला मिळत असते म्हणून त्याचं शरीर इन्सुलिनही जास्त बनवतं, नाळ कापली की साखर थांबते पण इन्सुलिन लगेच कमी होत नाही, म्हणून शुगर पडते. इतकं साधं कुणी सांगितलंच नव्हतं हो मला!

आणि ती टाच. दर वेळी टोचायच्या आधी त्याची टाच तळहातात धरून ऊब द्यायचात, मग मधे नाही, कडेला टोचायचात. मला दूध नीट येत नव्हतं तर हाताने पिळायला शिकवलंत, चमच्यात जमलेले चिकाचे पाच-सहा थेंब तुम्ही असे जपून नेलेत की मला पहिल्यांदा वाटलं आपणही काहीतरी करतोय त्याच्यासाठी.

सलाईन एकदम काढलं तर शुगर परत धाडकन खाली येते म्हणून थोडं थोडं कमी करत होतात, प्रत्येक फीडच्या आधी चेक. सलाईन बंद झाल्यावर ५४, मग ५७. तिसऱ्या रीडिंगच्या आधीच तुमची ड्युटी संपली होती, तरी तुम्ही थांबलात, ६१ बघितलंत आणि मगच घरी गेलात असं दुसऱ्या सिस्टरनी सांगितलं. मी तेव्हा त्याला छातीशी घेऊन गाढ झोपले होते.

तेव्हाचं राहिलेलं आत्ता म्हणते, थँक्यू सिस्टर, अगदी मनापासून.