वाद गिटहब-गिटलॅबचा नाही

महोदय,

कोड ठेवायला गिटहब बरं की गिटलॅब, यावर आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात रोज खडाजंगी होते. माझ्या मते कोड कुठेही ठेवा. गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनामुळे त्याची इतिहासासकट प्रत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतेच. घोडं अडतं पाइपलाइनपाशी, म्हणजे कोड आपोआप तपासून सर्व्हरवर चढवणाऱ्या साखळीपाशी. गिटहबच्या पाइपलाइनच्या, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्सच्या, यामल (सूचना लिहिलेल्या) फायली गिटलॅबवर चालत नाहीत, नव्याने लिहाव्या लागतात. अंदाजपत्रकात हे कोणी धरत नाही!

कोड लिहून सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्मची तऱ्हा वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने त्याचा मुक्त परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू हे त्याचं मुक्त भावंड निघालं. आम्ही तेच घेतलं. जुनी स्टेट फाइल (काय काय उभं केलंय याची नोंद) मुकाट चालली. सर्व्हरच्या आतली कामं अ‍ॅन्सिबल या साधनाकडे, कारण तिथे सर्व्हरवर एजंट (वेगळा मदतनीस प्रोग्राम) बसवायची कटकट नाही, एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) आणि पायथन ही भाषा पुरते. दोन-तीन सर्व्हरवाल्यांना अनेक सर्व्हरांवर अ‍ॅप्स सांभाळणाऱ्या कुबरनेटीसची हौस कशाला, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

– एक सिस्टीम अ‍ॅडमिन, कोथरूड, पुणे